गोजरबाईच्या गुडघ्याची वाटी

गोजरबाईचा उजवा गुडघा शेवटी शेवटी इतका आडमुठा झाला, की त्याच्यापुढं नवराही गुणाचा वाटावा. सावळेराम निदान दोनदा सांगितल्यावर ऐकायचा तरी. गुडघा ऐकायचं नावच घेत नव्हता. उठताना कुरकुर, बसताना कुरकुर, आणि बांधावरून खाचरात पाय टाकला की अशी कळ, की जागच्या जागी डोळ्यांत पाणी. त्यात वाडी आहुप्याच्या अलीकडं, डोंगराच्या पार खांद्यावर. तिथं सपाट म्हणून काही नाहीच. पाण्याला जायचं तर उतार, शेताला जायचं तर चढ, आणि शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागायचं तरी दगडाच्या पायऱ्या. अशा मुलखात बाईचा गुडघा गेला म्हणजे बाई घरातल्या घरात कैदेत पडली.

तशी ती रडूबाई नव्हे. निरगुडीचा पाला बांधून झाला, तेलं चोळून झाली, कुणी सांगितलं म्हणून गरम विटेचा शेकही झाला. दुखणं तिनं पचवलं असतं. तिला खात होतं ते वेगळंच, आणि ते कळायला आधी राईचं सांगायला हवं.

वाडीच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे. चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी झाडं, त्यांच्यावर मांडीएवढे जाड गारंबीचे वेल, आणि भर दुपारीही आत दिवेलागण झाल्यासारखा उजेड. त्या राईतली काडी कुणी तोडत नाही. वाऱ्यानं पडलेलं झाडसुद्धा पडल्या जागी कुजतं, चुलीत जात नाही. आणि सगळ्यांच्या वरचा एक कायदा म्हणजे आत लोखंड न्यायचं नाही. राईच्या कडेनं धोंड्यांची एक ओळ आहे. त्या ओळीपाशी कोयता काढून ठेवायचा, कुऱ्हाड ठेवायची, करगोट्याला बांधलेली किल्ली ठेवायची, आणि मग अनवाणी आत. ज्या रानाला माणसानं कधी पातं लावलं नाही, त्या रानात पातं न्यायचंच कशाला, इतकं ते साधं आहे.

आश्विनात भात पिकलं की नव्या लोंब्यांचा पहिला मान राईचा. तो दिल्याशिवाय वाडीत कुणी नवा तांदूळ शिजवत नाही, पोर भुकेनं रडलं तरी नाही. लोंब्या ठेवायचा मान सावळेरामाच्या घरातल्या बाईचा. आत मूर्ती नाही, शेंदूर नाही, घंटा नाही. राई तोच देव. झाडाखालच्या मातीवर दोन्ही गुडघे टेकायचे, कपाळ टेकायचं आणि लोंब्या मातीवर ठेवायच्या, बस्स. गोजरबाई लग्न होऊन आली तेव्हा कोवळी पोर होती. पहिल्याच आश्विनात सासूनं तिला बरोबर नेलं. गुडघ्यांना ती माती लागली आणि तिला एकदम आईच्या पोटाशी निजल्यागत वाटलं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिची भीती गेली. पुढं सासू गेली, मान तिच्याकडं आला, आणि दर वर्षी तिथं गुडघे टेकले की तिला तसंच वाटत राहिलं.

गेल्या दोन साली मात्र गुडघा वाकलाच नाही. सुनेचा, जयाचा, खांदा धरून ती उभ्याउभ्या कमरेत वाकली आणि लोंब्या वरून सोडल्या. त्या पडल्या वेड्यावाकड्या. कुत्र्यापुढं शिळा तुकडा टाकावा तशा. लोक काही बोलले नाहीत, पण तिनं स्वतःला काय काय ऐकवलं ते तिचं तिला माहीत. दोन्ही वर्षी नवा भात तिच्या घशाखाली उतरला नाही.

अशात डिंगोऱ्याची प्रयागबाई आली. ही गोजरबाईची धाकटी बहीण, आणि दोन्ही गुडघे बदलून बसलेली. आल्या आल्या तिनं ओटीवर चालून दाखवलं, पायरी चढून दाखवली, उतरून दाखवली. लेकाच्या लग्नातसुद्धा बाई एवढी मिरवली नव्हती.

"आक्का, तूबी करून घे," ती म्हणाली. "नारायणगावात एक डाक्टरीनबाय हाय, लई हुशार. मांडी तेवढी घालता येत न्हाई. बाकी समदं झकास."

"आत घालत्यात काय?" गोजरबाईनं विचारलं.

"असतंय काय काय. इस्टील म्हण, लोखंडच म्हण की."

प्रयागबाई पुढं बराच वेळ बोलत होती. डॉक्टरीणबाई किती गोड बोलते, दवाखान्यात चहा कसा पांचट मिळतो, सगळं. गोजरबाईच्या कानात त्यातलं एक लोखंड तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत टेकत राईच्या ओळीपाशी गेली. तिथं गेणभाऊ असणारच. गेणभाऊ सावळेरामाचा धाकटा चुलतभाऊ, राईचा राखणदार. कुणी नेमलेला नव्हे, आपणहून झालेला. ओळीच्या बाहेर उंबराखाली बसायचा आणि आत जाणाऱ्याचं लोखंड उतरवून घ्यायचा. माणूस एवढा कडक, की पुण्याहून राई बघायला आलेल्या एका साहेबाच्या पट्ट्याचं बक्कलही त्यानं सोडलं नाही. साहेब पँट धरून आत गेले आणि पँट धरून बाहेर आले. वाडीला ती गोष्ट हसायला अजून पुरते आहे.

गोजरबाई त्याच्याशेजारी धोंड्यावर टेकली. आडवळण तिला जमत नसे.

"भावजी, पायाच्या आत लोखंड बसवलं तर मला राईत जाता यील का?"

गेणभाऊ राईकडं बघत बसला. मग म्हणाला, "वयनी, मला आत गेलेलं तुमी कधी बघितलंत?"

ती आठवू लागली. तरुणपणी हा गडी राईतच पडलेला असायचा. शेकरू कुठल्या ढोलीत राहतं, मध कुठं लागलाय, सगळं याला ठाऊक. पण अलीकडं? अलीकडं तो नेहमी इथंच, ओळीच्या बाहेर. सगळ्यांना वाटायचं, राखण करतोय.

"हिरडा झोडताना पडलो व्हतो न्हाई का मी," गेणभाऊ म्हणाला. "तवा पुण्याला मांडीत सळई बसवली. आजून आतच हाय ती. आलो तवापास्नं ही वळ वलांडली न्हाई."

"कुणी आडवलं तुमाला?"

"कुणाला ठाऊकच न्हाई, तर आडवतंय कोण."

"मंग?"

"मला ठाऊक हाय ना," तो म्हणाला. "दुसऱ्याचं बक्कल काढायचं आन आपण सळई घेऊन जायचं, ह्ये मला जमलं नसतं."

गोजरबाई त्याच्याकडं बघतच राहिली. एवढी वर्षं हा माणूस राईपासून चार पावलांवर बसून होता. आतलं पान न् पान ओळखणारा माणूस, आणि एक पाऊल आत टाकलं नाही. कुणाला सांगितलं नाही, कुरकुरला नाही. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण दिराच्या पाया पडून त्याला आणखी लाजवायचं कशाला, म्हणून ती गप्प उठली.

घरी येईपर्यंत तिला आपली अडचण लख्ख कळली होती. इकडं आड, तिकडं विहीर. आहे हा गुडघा राईत जाऊ शकतो, पण टेकत नाही. नवा बसवला तर टेकेल, पण राईत जाऊ शकणार नाही. चार दिवस ती याच्यावर विचार करत राहिली. शेवटी जयाच वैतागली. "आत्या, नुसतं ऐकून तर या. ऐकायला काय लोखंड लागतंय का?" ते काही खोटं नव्हतं. दोघी एसटीत बसल्या.

डॉक्टरीणबाईचं नाव आरती. मूळ आण्याच्या पठारावरची, शेतकऱ्याच्या घरातली. आवाज खणखणीत, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. तिच्या टेबलावर गुडघ्याच्या हाडांचा एक नमुना होता. तो तिनं उघडून दाखवला. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते. नडगीच्या हाडावर धातूची पाटी. मधे प्लॅस्टिकची गादी.

"आणि ही तुमची वाटी," तिनं पुढचं गोल हाड हातावर ठेवलं. "हिचा प्रश्न वेगळा आहे. हिच्या आतल्या अंगाला थोडं तासून प्लॅस्टिकची चकती बसवता येते. किंवा आहे तशी ठेवता येते."

"म्हंजी काय करायचं त्ये ठरल्यालं न्हाई?" गोजरबाईनं विचारलं.

आरती हसली. "जगभरचे डॉक्टर त्याच्यावर भांडतायत, आजी. काही जण म्हणतात सगळ्यांना चकती बसवा, काही म्हणतात हात लावू नका. नाही बसवली तर काहींचा गुडघा पुढून दुखत राहतो, मग कधी पुन्हा उघडावा लागतो. बसवली तर वाटी पातळ होते, पडलं-झडलं तर तडकू शकते, कधी चकतीच सुटते. चालण्याफिरण्यात म्हणाल तर पुष्कळदा काहीच फरक पडत नाही."

"मंजे डाक्टरांतबी दोन तट हायेत," गोजरबाई म्हणाली. तिला बरं वाटलं. गावकीसारखंच की हे. "तुमी कुठल्या तटातल्या?"

"मी बहुतेकांना बसवते."

गोजरबाईनं ते गोल हाड हातात घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. मग तिनं राईचं सगळं सांगितलं. ओळ, लोंब्या, दोन सालं वरून सोडलेलं नवं. गेणभाऊचं मात्र सांगितलं नाही. ते तिचं नव्हतं. बाहेर पेशंटांची रांग लागलेली, पण आरतीनं घड्याळाकडं बघितलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आजी, वाटी ठेवली तरी धातू राहणारच. तुमचा प्रश्न काही सुटत नाही."

"ठाऊक हाय. चालता यावं म्हणून पाय करून घीन मी, राईचं काय व्हायचं त्ये हुईल. पर येवढी एक वाटी माझी मला ऱ्हाऊ द्या."

"ते मी आत्ता कबूल करणार नाही," आरती म्हणाली. "आत बघितल्यावर ठरवीन. चांगली असली तर ठेवीन. खराब असली तर बदलीन, आणि मग तुम्ही मला शिव्या द्यायच्या नाहीत."

दुसऱ्या कुणी असं तोडून बोललं असतं तर गोजरबाईला राग आला असता. पण न बघता कबूल करणाऱ्या माणसावर तिचा आयुष्यभर विश्वास नव्हता. नवराही तिनं असाच, बापाच्या आड लपून, आधी बघून घेतला होता.

होळी झाल्यावर ऑपरेशन ठरलं. पाठीत एक सुई दिली आणि कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. गोजरबाई हादरलीच. पाय होते, चादरीखाली उंचवटा दिसत होता, पण ते पाय कुणाचे, कळेना. छातीपुढं हिरवा पडदा लावला. भुलेच्या डॉक्टरनं विचारलं, झोपेचं देऊ का. ती म्हणाली, नको. आपल्या घरात सुतार आले आणि आपण झोपा काढायच्या, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि सुतारच की हो आले. आधी करवत चालल्याचा आवाज. मग ठोकाठोक. ठक, ठक, ठक. प्रत्येक ठोक्यासरशी तिचं सगळं अंग टेबलावर हलत होतं आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. लहानपणी बापाच्या अंगणात नांगराला फाळ बसवताना ती अशीच बाजूला बसून ऐकायची. आता नांगर म्हणजे ती स्वतःच. माणसाच्या पायाचं हाड कापतात, त्याच्यावर टोपी ठोकतात, आणि ते माणूस इकडं डोळे उघडे ठेवून छताकडं बघतंय! कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. भीती अशी वाटलीच नाही तिला. आपण एवढं मोठं काहीतरी बघायला, नव्हे ऐकायला, जिवंत आहोत याचंच नवल वाटत होतं.

मग आवाज थांबले. यंत्राची टिकटिक तेवढी चाललेली.

"आजी, जाग्या आहात ना?" आरतीचा आवाज. नेहमीसारखा खणखणीत नव्हता, हळू आला.

"हाय की. काय झालं?"

"काही झालं नाही. वाटी उलटी करून बघतेय." थोडं थांबून आरती म्हणाली, "तुमचा बाकीचा गुडघा पार गेलाय. हाडावर हाड घासून खडबडीत झालंय सगळं. त्याच्यावरून इतकी वर्षं ही वाटी फिरतेय, आणि हिला ओरखडासुद्धा नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे अशी मी क्वचितच बघितलीय. तुमच्या वयात नाहीच. का राहिली अशी, मला विचारू नका, मला माहीत नाही." मग ती कुणाला तरी म्हणाली, "सिस्टर, फोटो काढा हिचा. आजींना दाखवा."

सिस्टरनं फोन पडद्याच्या अलीकडं धरला. गोजरबाईनं डोळे बारीक केले. सगळीकडं लाल, आणि मधे एक पांढरं. शहाळं फोडल्यावर आत कोवळी मलई दिसते, तसं पांढरं. ओलं, गुळगुळीत, आणि वरचा दिवा त्यात चमकत होता. त्याच्यावर डाग नव्हता, रेघ नव्हती.

"ह्ये माझं हाय?" तिनं विचारलं.

"तुमचंच."

जन्माला आल्यापासून ते तिच्या आत होतं. भाताची आवणी, डोक्यावर हिरड्याची ओझी, तीन बाळंतपणं, घाटातली चढउतार, सगळ्यात तिच्याबरोबर होतं, आणि तिनं त्याला कधी बघितलं नव्हतं. दोन वर्षं तिनं या गुडघ्याला येता-जाता शिव्या दिल्या होत्या. मेल्या, मढं निघो तुझं, म्हणाली होती. आणि आत हे असं, कुणाची नजर न लागलेलं, आपलं काम करत बसलेलं.

"माझे हात सोडा जरा," ती म्हणाली. एका हाताला सलाईन, एकाला पट्टा. भुलेच्या डॉक्टरनं पट्टा सोडला. गोजरबाईनं सलाईनचा हात सांभाळत दोन्ही हात जोडले आणि फोनमधल्या त्या पांढऱ्या तुकड्याला नमस्कार केला. सिस्टरनं फोन तसाच धरून ठेवला. कुणी हसलं नाही.

पडद्यापलीकडून आरती म्हणाली, "चकती परत डब्यात ठेवा. हिला मी पातं लावणार नाही." आणि मग, पुन्हा नेहमीच्या आवाजात, "आजी, पुढं दुखलं तर मला बोल लावायचा नाही."

"दुखू द्या," गोजरबाई म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते जयाला विचारा. गुडघा वाकवायचा व्यायाम म्हणजे घरात रोजचं भांडण. सून म्हणायची आणखी वाकवा, सासू म्हणायची तुझा वाकीव. सावळेराम मधे पडायला गेला तर दोघी मिळून त्याच्यावर. पण पावसाळा लागेतो गोजरबाई काठी धरून अंगणात फिरायला लागली, गौरी-गणपतीला पायऱ्या उतरून शेजारणीकडं गेली, आणि काम नसताना उगाच दोनदा जाऊन आली. जाता-येता मात्र राईकडं ती बघत नसे.

आश्विन आला. लोंब्या भरल्या, माना टाकून वाऱ्यावर हलायला लागल्या. ठरलेल्या सकाळी वाडी राईच्या ओळीपाशी जमली. गेणभाऊ उंबराखाली होताच. एकेकाचा कोयता, एकेकाची किल्ली घेऊन तो नीट मांडून ठेवत होता. लोंब्यांची जुडी जयाच्या हातात होती. या वर्षी सूनच आत जाणार, असं सगळ्यांनी धरलेलं. गोजरबाईचा गुडघा लोखंडी झाल्याचं प्रयागबाईच्या कृपेनं आता पंचक्रोशीला माहीत होतं.

"जया, त्या दे हिकडं," गोजरबाई म्हणाली.

जयानं लोंब्या दिल्या. बायका कुजबुजायला लागल्या. सावळेराम पुढं झाला, "अगं, पर..." एवढं बोलून थांबला. सगळे गेणभाऊकडं बघायला लागले. त्याचं तोंड उतरलं. ज्या माणसानं स्वतःला सोडलं नाही, तो आता वहिनीला कसा सोडणार?

"वयनी," तो कसाबसा म्हणाला, "तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. म्हणून तर तुमी हितं या आन नीट बघा," ती म्हणाली.

ती ओळीच्या अगदी कडेला गेली. दोन धोंड्यांच्या मधे हातभर मोकळी जागा होती. जयाचा खांदा धरून तिनं आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा. टेकताना तिच्या तोंडून हुं निघालं. मग गुडघ्यांवरच सरकत ती अंगुळ-अंगुळ पुढं आली, आणि गुडघ्यांची टोकं धोंड्यांच्या ओळीला लागली तिथं थांबली. लुगडं तिनं उजव्या गुडघ्यावरून मागं सारलं. वण उभा दिसत होता.

"भावजी, ही पुढली वाटी माझी हाय. सबंध माझी. डाक्टरीनबायनं आत बघून तिला पातं लावलं न्हाई. लोखंड तिच्या मागं बसवलंय. आता मी पुढं सरकते. वाटी आत गेली की थांब म्हणा. लोखंड वळीला लागाय नको."

गेणभाऊ खाली वाकला. असा वाकला की कपाळ मातीला टेकेल. त्यानं हाताची कड उभी करून ओळीच्या रेषेवर धरली, गुडघ्याला लावून. गोजरबाई सरकली. तांदळाच्या दाण्याएवढी. आणखी एक दाणाभर. गेणभाऊनं दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटीची कड चाचपली.

"थांबा," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा चाचपून त्यानं मान वर केली आणि वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "वाटी आत. लोखंड भाईर."

गोजरबाई पुढं वाकली. हात लांब करून तिनं लोंब्या आतल्या मातीवर ठेवल्या. सरळ, एकाशेजारी एक, कुणाला नीट निजवावं तशा. कपाळ टेकलं. गुडघ्यांखाली ती माती होती, राईची, कधी लोखंड न लागलेली. आणि उजव्या गुडघ्यात पुढून अशी कळ आली की तिनं ओठ चावला.

"आत्या, दुखतंय का?" जया घाबरून म्हणाली. "उठवू का?"

"दुखतंय," गोजरबाई म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "वाटीच दुखतीया. लोखंड कशाला दुखंल?"

सावळेरामानं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. बायकांनी हात जोडले. आता लोक उठतील, आपापला कोयता घेतील, असं वाटत असताना गेणभाऊ मात्र तिथंच वाकलेला राहिला. तो स्वतःच्या मांडीकडं बघत होता. धोतराच्या वरून त्यानं मांडीवर बोट टेकवलं, आणि हळूहळू खाली आणत गुडघ्याच्या वर चार बोटांवर थांबवलं.

"वयनी," तो इतक्या हळू म्हणाला की जवळच्यांनाच ऐकू गेलं, "माझी सळई हितं संपती."

सावळेरामाला काही कळेना. "कसली सळई?" त्यानं विचारलं. पण विचारता विचारताच त्याला ते हिरड्याचं झाड आठवलं असावं, पुण्याचा दवाखाना आठवला असावा, आणि उंबराखालची ही एवढी वर्षं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

गोजरबाई गुडघ्यांवरच थोडी बाजूला सरकली. दोन धोंड्यांच्या मधे आणखी एका माणसापुरती जागा झाली.

"मंग या की भावजी," ती म्हणाली. "गुडघा तर तुमचाच हाय."

गेणभाऊनं टोपी काढली. पहिल्यांदा एक गुडघा टेकला, मग दुसरा. वाटी ओळीच्या आत गेली तसा तो थांबला. त्याच्यासाठी कुणी हाताची कड धरली नाही, त्यानं स्वतःच धरली, आणि ती काटेकोर धरली. मग त्यानं दोन्ही तळवे राईच्या मातीवर ठेवले आणि दाबून धरले.

बराच वेळ तो तसाच होता. गोजरबाईनंही उठायची घाई केली नाही. शेवटी त्यानं तिच्याकडं बघितलं.

"गार हाय," तो म्हणाला.